चारही चाके टेकावीत म्हणून

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेल्या मुलांची रांग उकिडवे बसून पाहावी. काही बैल दोरीमागे सरळ येतात. काही एका बाजूला ओढले जातात आणि वळणावर कलंडतात. कलंडणाऱ्या बैलाच्या पाटीखाली नजर टाकली, तर बहुतेक वेळा तीन चाके टेकलेली आणि चौथे अधांतरी दिसते. शिंगे, झूल, रंग यांवर घरातल्या मोठ्यांनी कितीही जीव लावलेला असो. आसाची भोके सारख्या उंचीवर पडली नाहीत तर बैल चालत नाही.

विदर्भातल्या घरांत सुतारकामाचा हा फार जुना आणि फार प्रेमाचा प्रसंग आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी मुलांचा हा पोळा सुरू केला, असे सांगितले जाते. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी ओळखला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघर बैल न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवायचा, हे इथल्या मुलाला शिकवावे लागत नाही. बैल मात्र आता बहुधा विकतच येतो.

वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी (मेघे) सारख्या गावात नव्या वसाहतींतल्या घरांमागे टिनाची एखादी शेड असते. तिथे लाकूडकाम सुरू करावे, असे वाटणारे अनेक जण भेटतात: निवृत्त शिक्षक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, घरचा देव्हारा स्वतः करू पाहणाऱ्या गृहिणी. त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणते मशीन घ्यावे? या लेखात मी त्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न घेतो आहे. मशीन घेण्याआधी कोणते फर्मे करावेत, ते कशाचे करावेत, आणि त्यांनी नेमके काय साधते?

फर्मा म्हणजे काय

सुतारांच्या बोलण्यात एकाच आकाराचे अनेक तुकडे काढण्यासाठी केलेल्या नमुन्याला फर्मा म्हणतात. हत्याराला वाट दाखवणाऱ्या साधनाला हल्ली जिग हा शब्द रुळला आहे. या लेखात दोन्हींसाठी मी फर्मा म्हणतो, कारण काम मुळात एकच आहे. फर्मा तीन गोष्टी करतो. तो लाकूड हलू देत नाही, हत्याराला ठरलेल्या वाटेने नेतो आणि एकदा घेतलेले माप पुन्हा मोजायला लावत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौरंगाचे चार पाय टेपने चार वेळा मोजले, तर चार वेळा चूक होऊ शकते. एक थांबा ठोकून चारही पाय त्याला टेकवून कापले, तर माप चुकले तरी चारही पायांचे सारखेच चुकते. चौरंग एक सूत बुटका होतो, पण डुगडुगत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. सुताराच्या तोंडी आजही हाच शब्द येतो, आणि त्याहून बारीक म्हणजे अर्ध्या सुताला तो दोरा म्हणतो. घरच्या कामात दोराभर फरकही सांध्यात दिसतो. तो फरक नजरेने टाळायला वर्षे लागतात. फर्म्याने तो पहिल्या महिन्यात टाळता येतो.

वाढईच्या अंगणात

फर्म्याची ही बुद्धी आपल्याकडे यंत्रांबरोबर आलेली नाही. विदर्भातला वाढई, म्हणजे सुतार, बंडीचे चाक करायचा तेव्हा तुंब्यात आरे बसवायचा, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. प्रत्येक पाट्याची गोलाई सारखी नसेल तर धाव बसतच नाही. म्हणून पाट्याचा नमुना लागतो आणि त्यावरून आखणी होते.

तिफण त्याहूनही बोलके उदाहरण आहे. तिच्या दिंडाला ठरावीक अंतरावर तीन भोके पाडायची आणि त्यांत दाते बसवायचे. हे अंतर वाढई एकदा लाकडात पाडतो आणि पुढे सगळ्या शेतात तेच उमटत जाते. शेतकरी तासे मोजत बसत नाही. तिफणीने ती मोजलेलीच असतात. पुढे डवरणी करताना डवरा पिकाच्या दोन ओळींमधून जातो, कारण त्याची पासही त्याच अंतराला धरून केलेली असते. माप एकदा लाकडात बसवले की ते पेरणीपासून डवरणीपर्यंत टिकते. फर्मा म्हणजे याहून वेगळे काय?

पण हे ज्ञान सर्वांचे नव्हते. सुतार हा बलुतेदार. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जायची, मोबदला धान्यात मिळायचा, आणि जातीबाहेरचा मुलगा हातात वाकस घेऊन त्याच्या शेजारी बसायचा नाही. या व्यवस्थेने दोन्हीकडून नुकसान केले. सुताराच्या कसबाला विद्या म्हणून मान मिळाला नाही, आणि इतर समाजाचे हात अडाणी राहिले.

वर्ध्याने घेतलेला ध्यास

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न याच परिसरात झाला. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम सुरू झाले. लाकडी तेलघाण्यात तिथे झालेली सुधारणा ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर गेली. 1938 च्या डिसेंबरात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खेड्यातले अवजार सुधारता येते, आणि केलेली सुधारणा सर्वांना पाहायला मांडून ठेवता येते, हा त्यामागचा विचार होता.

त्याच्या एक वर्ष आधी, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा आला. सूतकताई आणि विणकामाबरोबर सुतारकामही त्यात मूलोद्योग म्हणून होते. गणित, भाषा, निसर्ग हे सगळे हस्तोद्योगातून शिकवायचे होते, आणि तो उद्योग प्रत्येक जातीच्या मुलामुलीने करायचा होता.

जगातही असा विचार झाला होता. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे 1866 मध्ये शाळेत हस्तकाम आले. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमोन यांनी 1870 च्या दशकापासून ‘स्लॉइड’ ही पद्धत घडवली. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूपर्यंत नमुन्यांची चढती मालिका, आणि प्रत्येक नमुन्यात एखादे नवे हत्यार किंवा नवी क्रिया, असा तिचा क्रम होता. शिकणाऱ्याने सुतार व्हावे हा उद्देश नव्हता. त्याचे हात आणि नजर तयार व्हावी, हा होता.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्यापैकी अनेकांना शाळेतला कार्यानुभव आठवतो तो पुठ्ठ्याच्या घरापुरता आणि रंगीत कागदाच्या फुलांपुरता. तरी धागा तुटलेला नाही. सेवाग्राममध्ये 2005 पासून आनंद निकेतन शाळा नई तालीमच्या वाटेने चालते आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेतली मुले गावाला लागणाऱ्या वस्तू करत तंत्र शिकतात, आणि 2002 पासून तिथे फॅब लॅबही आहे.

या इतिहासाकडे मी घरच्या शेडमधून पाहतो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसते. कसब हातात असते, म्हणून ते सहज देता येत नाही. त्यातला काही भाग फर्म्यात उतरवला की तेवढा तरी शेजाऱ्याच्या हाती ठेवता येतो, मग तो कोणत्या घरात जन्मला याला महत्त्व उरत नाही.

आधी कोणते फर्मे

पहिला फर्मा अर्ध्या तासात होतो. साधारण 25 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद प्लायचा तुकडा घ्या. एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून आडवी पट्टी बसवा. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लाकूड अडते. डाव्या हाताने लाकूड दाबायचे, उजव्या हाताने करवत चालवायची. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरत. नव्याला ते जमत नाही आणि लाकूड थरथरले की काप वाकडा जातो. हा आडठोकळा पायाचे काम करतो. घरात टेबल नसेल तर तो चौरंगाच्या काठालाही लावता येतो.

दुसरे काम गुण्या तपासण्याचे. विकत आणलेला गुण्या खरा असेलच असे नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारा, मग तो उलटून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. ही परीक्षा झाल्याशिवाय पुढचा एकही फर्मा करू नये, कारण गुण्यातली चूक प्रत्येक फर्म्यात उतरते.

तिसरा फर्मा रंध्याचा पाट. खाली एक पट्टी, तिच्यावर थोडी आत घेतलेली दुसरी पट्टी आणि तिच्या टोकाला अचूक काटकोनात बसवलेला आडणा. लाकूड आडण्याला टेकवायचे आणि रंधा कुशीवर आडवा ठेवून त्याच्या टोकावरून न्यायचा. करवतीने राहिलेला अर्धा दोरा इथे निघतो. आडणा 45 अंशांत बसवला की देव्हाऱ्याच्या चौकटीचे कोपरे जुळू लागतात.

चौथा म्हणजे भोकाचा ठोकळा, आणि इथे पुन्हा आपला बैल येतो. धावडा किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाचा दीड-दोन इंच जाड ठोकळा घेऊन ज्याच्याकडे उभे ड्रिल आहे अशा दुकानात जावे आणि त्यात एक सरळ भोक पाडून आणावे. खालच्या कडेला एक पट्टी ठोकावी. बैलाच्या पाटीखाली आस धरणारे चार छोटे ठोकळे लागतात. प्रत्येक ठोकळा पट्टीला टेकवायचा, फर्मा क्लॅम्पने आवळायचा आणि हातातल्या ड्रिलने त्या तयार भोकातून भोक पाडायचे. चारही भोके सारख्या उंचीवर येतात. मग ते ठोकळे पाटीच्या काटकोनात कापलेल्या टोकापासून सारख्या अंतरावर बसवले, की दोन्ही आस समांतर होतात. चाके एकाच होल सॉने काढलेली असली म्हणजे झाले. बैलाच्या आकारासाठी 6 मिमी प्लायचा एक फर्मा करून ठेवला, तर त्यावरून दरवर्षी हवे तितके बैल आखता येतात.

पाचवा, मोठ्या शीटसाठी. प्लायचे शीट आठ बाय चार फुटांचे असते आणि हातात धरायच्या सर्क्युलर सॉने ते सरळ कापणे अवघड जाते. फूटभर रुंद पातळ प्लायच्या पट्टीवर दुसरी अरुंद, सरळ कडेची पट्टी फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवा. तिच्या कडेला मशीन टेकवून एकदा चालवले की खालच्या पट्टीचा जादा भाग कापला जातो. आता तिची जी कड उरली ती पात्याचीच वाट. पुढे प्रत्येक वेळी ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवायची, पाते नेमके तिथून जाते. शीटच्या कारखान्यातल्या कडेइतकी सरळ कड घरी करणे कठीण असते, म्हणून वरच्या पट्टीसाठी तीच वापरावी.

टेबल सॉ घेतला तर त्यावर सरकणारी पाटी करावी. तिचा काटकोन तपासायची एक सुंदर रीत आहे. एका तुकड्याच्या चारही बाजू क्रमाने कापायच्या, प्रत्येक वेळी ताजी कापलेली कड आडण्याला लावून. पाचव्या कापात एक पट्टी काढायची आणि तिची दोन्ही टोके मोजायची. चूक चार वेळा साठलेली असते, म्हणून फरकाला चाराने भागायचे. पट्टी 400 मिमी लांब आणि टोकांत 0.8 मिमी फरक असेल, तर 400 मिमीला 0.2 मिमी इतकीच चूक आहे. डोळ्याला न दिसणारी चूक अशी मोठी करून पाहता येते.

या सगळ्यांबरोबर 30 अंशांचा एक छोटा लाकडी ठोकळा जवळ असावा. पटाशी आणि रंध्याचे पाते सहाणेवर त्या कोनात धरायला तो मदत करतो. बोथट पटाशीला कोणताच फर्मा वाचवू शकत नाही.

लाकूड आणि वर्ध्याचा उन्हाळा

विदर्भ सागवानाचा प्रदेश आहे. बल्लारपूरच्या डेपोचे नाव देशभर माहीत आहे, आणि 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान तिथूनच गेले. पण घरच्या शेडसाठी जुन्या घरांच्या चौकटी, दारे आणि पॅकिंगचे लाकूड हीच चांगली सुरुवात. सॉ मिलवर घेताना घनफुटाचा हिशेब यावा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले 144. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. स्वतःच्या शेतातले सागाचे झाड तोडायचे असले, तरी तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना लागतो.

वर्ध्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि दोन महिन्यांत हवा ओली होते. लाकूड त्या हवेबरोबर आक्रसते आणि फुगते. रुंदीत ते बरेच हलते, लांबीत जवळजवळ नाही. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा शांत असते. तरी वलयांच्या दिशेने कापलेली फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे साधारण 0.2 टक्के हलते. ओलावा आठ टक्क्यांनी बदलला तर फूटभर रुंद फळीत जवळजवळ पाच मिलिमीटर.

पाट फाटतो तो यामुळेच. वरची फळी रुंदीत हलते, खालच्या आडव्या पट्ट्या लांबीत हलत नाहीत. दोन्ही फेव्हिकॉलने घट्ट चिकटवल्या तर एकाला फाटावेच लागते. मी केलेला पहिला पाट पावसाळ्यात केला होता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या मधोमध चीर गेली. आता मी पट्टीत मधला स्क्रू घट्ट बसवतो आणि बाजूच्या स्क्रूंसाठी लांबट भोके पाडतो, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. ती लांबट भोके पाडायलाही एक छोटा फर्मा आहे.

फर्मे मात्र शक्यतो प्लायचे करावेत. प्लायच्या थरांचे रेशे एकमेकांना आडवे असल्याने ते ऋतूंबरोबर फारसे हलत नाही. शेड ओलसर असेल तर बाहेरच्या पाण्यालाही टिकणारे, 710 या भारतीय मानकाचे प्लाय घ्यावे. एमडीएफ सपाट असते, पण पाणी लागले की फुगते. आणि प्लायची जाडी छापील आकड्यावरून धरू नये. खाच नेहमी हातातल्या तुकड्यावरून आखावी.

हात शाबूत राहावेत म्हणून

फर्म्याचा सर्वांत मोठा उपकार बोटांवर आहे. तो हात आणि पाते यांच्यात अंतर ठेवतो. आपल्याकडे मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून काम करण्याची सवय सर्रास आहे. ते यंत्र फार वेगाने फिरते, आणि त्या वेगासाठी न बनवलेले दातेरी पाते त्यात लावणे धोक्याचे आहे. पात्यावर लिहिलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवी, हा साधा नियम आहे. सर्क्युलर सॉ उलटा करून टेबलाखाली बसवण्याचा मार्ग मी कोणालाच सुचवणार नाही. थांबा वापरताना सुटलेला तुकडा पाते आणि थांबा यांच्यात अडकू देऊ नये. तो गोळीसारखा उडतो. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. चांगला मास्क आणि मोकळी हवा ही हौस नाही, गरज आहे.

आक्षेप आणि उत्तर

फर्म्याने हाताची कला मरते, असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. रंधा कसा सरकतो, रेषा कुठे उलटतात, हे फर्मा सांगत नाही. फर्म्यावरच सगळे सोपवणारा माणूस नवीन वस्तूपाशी अडतो.

हा प्रश्नही वर्ध्याच्या परंपरेला नवा नाही. गांधीजी यंत्रविरोधी होते, असे सरसकट बोलले जाते. पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले होते. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. किंमत 150 रुपयांच्या आत असावी आणि तो भारतात बनलेला असावा, अशा त्याच्या अटी होत्या. माणसाच्या हाताला बळ देणारे आणि त्याच्या आटोक्यात राहणारे साधन हवे, हा कस त्यात होता. प्लायच्या दोन तुकड्यांचा फर्मा त्या कसाला उतरतो. तो घरी करता येतो, घरी दुरुस्त होतो, आणि तो करताना मोजणे, आखणे, काटकोन पाहणे हे सगळे शिकावेच लागते. हाताने काटकोन साधायला शिकलेल्या माणसाने फर्मा केला, तर त्यात त्याची कला टिकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाट, मग चौरंग, मग देव्हारा, आणि मध्ये दरवर्षी एक बैल. प्रत्येक वस्तूसाठी एक नवा फर्मा. वर्षभरात भिंतीवर आठ-दहा फर्मे लटकतात, आणि मशीन घ्यायची वेळ येते तेव्हा ते कशासाठी हवे हे कळलेले असते.

प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलने चार गोष्टी लिहाव्यात: काम कोणते, कोणत्या मापाचे ड्रिल किंवा पाते, वरची बाजू कोणती, शेवटचा तपासला कधी. आपल्याला ते आठवत असते. लिहायचे ते दुसऱ्यासाठी. श्रावण लागताना एखाद्या शाळेने आपल्या वर्गखोलीत दोन रविवार द्यावेत. गावातल्या वाढईला शिक्षक म्हणून मानाने बोलवावे आणि त्या दोन दिवसांचे मानधन द्यावे. भिंतीवरचे फर्मे उतरवून टेबलावर मांडावेत. ज्या मुलांच्या घरी कधी करवत नव्हती, ती मुले भोकाच्या ठोकळ्यातून ड्रिल खाली नेतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे बैल निघतील, तेव्हा उकिडवे बसून पाटीखाली पाहावे. चारही चाके टेकलेली असली, की त्या मुलाला बोजाऱ्यात काय मिळाले हे विचारायची गरज उरणार नाही.